ताकदवान गाडीला वेगळं लायसन हवं का? (सुपर कॉरिडॉरवर माझी गाडी फिरली, त्यावरून)

रामबागकर

जूनच्या शेवटच्या रविवारी पहाटे पावणेसहाला इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर माझ्या हातून गाडी सुटली. कुणाला लागलं नाही. तरी झोप उडाली आहे, म्हणून लिहितोय.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही. पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद चारशे हॉर्सपॉवरच्या आसपास आणि ती सगळी मागच्या चाकांवर. वजन पावणेदोन टन. सेकंडहँड घेतली, तीही कित्येक वर्षं पैसे साठवून. त्याआधी जन्मभर छोट्या हॅचबॅक चालवल्या, सगळ्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या.

रात्री पहिला पाऊस येऊन गेला होता. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेलाचा थर पहिल्या सरीत वर येतो आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो, हे स्कूटर चालवायचो तेव्हापासून ठाऊक आहे. चारचाकीत बसल्यावर ते डोक्यातून गेलं. सिग्नलवरून डावीकडे वळलो, वेग जेमतेम पन्नास. चाकं अजून सरळ झाली नव्हती तोच दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. गाडी स्पोर्ट मोडवर होती. माझ्या गाडीत त्या मोडमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद होत नाही, पण सैल पडतं आणि उशिरा मदतीला येतं.

मागचं अंग उजवीकडे सटकलं. मी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. मागच्या टायरांना पकड परत मिळाली ती अशी झटक्यात, की गाडी उलट्या बाजूला फिरली. स्टिअरिंग परत आणायला माझे हात पुरले नाहीत. समोर मेट्रोचा खांब दिसला आणि नजर तिथेच खिळली. गाडी गर्रकन फिरली, मागचं चाक दुभाजकावर आपटलं आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली.

दुभाजकाच्या कडेला पंधरा पावलांवर एक सफाई कामगार बाई उभ्या होत्या. त्यांनी झाडू खाली ठेवला, काचेजवळ आल्या आणि विचारलं, "भैया, लगी तो नहीं?"

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता मुद्द्यावर येतो. २००४ साली आरटीओत मी आठचा आकडा काढून दाखवला आणि लाइट मोटर व्हेइकलचं लायसन मिळालं. त्या कागदावर ८०० सीसीची गाडीही चालते आणि ही पण. साडेसात टनांपर्यंत सगळं त्यातच. वजन मोजतात, ताकद कुणी मोजत नाही. युरोपात मोटरसायकलचं लायसन ताकदीप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी मिळतं: आधी ११ किलोवॉटपर्यंत, मग ३५, मग पुढची. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०२४ पासून अतिताकदवान गाड्यांसाठी 'यू' वर्गाचं लायसन आणलं. शिवाय तिथे अशा गाडीतली सुरक्षा यंत्रणा चालकाने बंद करणं हा गुन्हा केला आहे. आपल्याकडेही असं हवं. शिकवायला जागाही आपल्या उंबऱ्याशी आहे. पीथमपुरात नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, ओल्या आणि निसरड्या पृष्ठभागावर ब्रेक तपासायची सोय आहे. कंपन्यांच्या गाड्या तिथे घासून तपासल्या जातात. चालक का नाहीत?

मला तास-दोन तास कुणी मोकळ्या जागेत ही गाडी घसरवून दाखवली असती, तर तो पाय मी एकदम उचलला नसता.

पाटणीपुरा_७

तुम्ही शिकलात, बरं झालं. पण त्या शिकवणीची फी कोण भरणार होतं? ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. पंधरा पावलं म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही. ती बाई हलली असती तरी कुठे गेली असती?

माझी आई अकरा वर्षं याच शहरात झाडू मारायला जात होती. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतं ते पहाटे रस्त्यावर असलेल्या या माणसांमुळे. त्यांना मोकळा रस्ता म्हणजे कामाची जागा, तुम्हाला तो ट्रॅक वाटतो. मला तुमचं वेगळं लायसन नको. चारशे हॉर्सपॉवर शहरात लागतेच कशाला, याचं उत्तर हवं. शहराच्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ७० आहे, एक्स्प्रेसवेवरसुद्धा १२०. त्यापुढची ताकद फक्त हौसेची आहे, आणि हौसेचा धोका दुसऱ्याने का सोसायचा?

टायरवाला_विजयनगर

भिया, आधी एक सांगा, मागचे टायर किती जुने आहेत? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. बघून इथे लिहा. नक्षी भरपूर दिसते म्हणून लोक फसतात. रबर आतून कडक झालेलं असतं. जे पावसाळ्यात गाडी बाहेर काढत नाहीत त्यांची नक्षी तर कधी झिजतच नाही.

पोर्शे करेरा जीटी आठवते का? ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर त्या गाडीच्या अपघातात गेला, चालवत होता त्याचा मित्र. तपासात मुख्य कारण निघालं वेग, आणि टायर निघाले नऊ वर्षांचे. त्या गाडीला ६१२ हॉर्सपॉवर, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल मुळातच नव्हतं.

मी गिऱ्हाइकाला असं समजावतो. एकेका टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. त्याच्याकडे पकड ठरावीक. तीच वळायला लागते, तीच ब्रेकला, तीच पळायला. तुम्ही वळणात सगळी खर्चून बसला होतात आणि वरून इंजिनाने अजून मागितली. मग पाय उचललात, गाडीचं वजन पुढे झुकलं, मागची चाकं आणखी हलकी झाली. रस्ता ओला म्हणजे मुळात शिल्लकच कमी. यात कंपनी कुठली हा प्रश्नच येत नाही.

महूचा_यंत्रज्ञ

रामबागकर, तुमच्या शेवटच्या वाक्याशी माझा ठाम विरोध आहे. चाचणी क्षेत्रात काम केलंय, त्यामुळे राहवत नाही.

नॉर्वेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नव्या चालकांना निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. नंतर अपघात तपासले, तर तरुण पुरुषांचे कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले निघाले. कारण पोरं घसरलेली गाडी सावरायला शिकली आणि 'आता मला येतं' म्हणून वेग वाढवून बसली. पुढे त्या भागातल्या देशांनी कोर्सचा रोखच बदलला. आता गाडी सावरण्याचं कसब शिकवण्यापेक्षा आपण किती लवकर हरतो, ते माणसाला दाखवतात.

दोन तासांत तुमचे हात शिकले नसते. वर्षानुवर्षं ट्रॅकवर घालवलेल्या माणसाचे हात शिकतात, आणि तेही घसरण सुरू व्हायच्या आत हलतात, नंतर नव्हे. तुम्हाला वाचवू शकणारी वस्तू गाडीत होती, तुम्ही ती सैल केलीत. १९९५ मध्ये मर्सिडीज आणि बॉशने स्टॅबिलिटी कंट्रोल बाजारात आणलं. स्टिअरिंग सांगतं गाडी किती वळायला हवी, सेन्सर सांगतो ती प्रत्यक्षात किती फिरतेय. दोन्हींत फरक पडला की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लागतो आणि इंजिनाची ताकद कापली जाते. माणसाला एकच ब्रेक पेडल आहे, चार चाकांना चार वेगळे ब्रेक तो लावूच शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातला यंत्रणा बंद करण्याचा गुन्हा, तेवढाच भाग आपल्याकडे आणा. लायसन राहू द्या.

रामबागकर

@महूचा_यंत्रज्ञ, नॉर्वेचं माहीत नव्हतं. विचारात पडलो. पण तुम्ही म्हणता ते दुसरं शिक्षण, आपण किती लवकर हरतो ते दाखवणारं, तेच तर मला हवं होतं. मी नीट मांडलं नाही. मला ड्रिफ्ट मारायला शिकायचं नाही. या पायाखाली काय आहे ते रिकाम्या जागेत एकदा समजायला हवं होतं. स्पोर्ट मोडचं म्हणाल तर मान्य. बटण समोर होतं आणि दाबायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

@पाटणीपुरा_७, तुमच्या आईचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

सुदामानगरची_आई

मी गाड्यांतली जाणकार नाही. पण १९ मे २०२४ ला पुण्यात काय झालं ते विसरले नाही. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. दोघंही आपल्या मध्यप्रदेशातली लेकरं होती. त्या मुलाकडे साधं लायसन नव्हतं. गाडीची कायम नोंदणीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. तिथे वेगळ्या वर्गाचं लायसन असतं तर काय फरक पडला असता?

कायदे आहेत हो. मोटर वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९-अ आलं: अल्पवयीनाने गाडीने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मी आमच्या कॉलनीत रोज शाळकरी पोरांना स्कूटरवर बघते. कुठे कोण अडवतं? नवं लायसन म्हणजे नवी खिडकी आणि त्या खिडकीबाहेर नवा एजंट. ज्याच्याकडे अशी गाडी घ्यायचे पैसे आहेत, त्याला तो एजंट जड नाही. आधी असलेलं पाळा, मग नवं मागा.

निवृत्त_चालक_खंडवारोड

एकतीस वर्षं बस चालवली. ताईंचा राग बरोबर आहे, तरी मी रामबागकरांच्या बाजूने.

बसचं लायसन मागायला गेलो तेव्हा नियम असा होता, आजही आहे, की लाइट मोटरचं लायसन एक वर्ष जुनं नसेल तर व्यावसायिक गाडीचं शिकाऊ लायसनही मिळत नाही. का? मोठ्या गाडीचं वजन वेगळं वागतं म्हणून. भेरूघाट उतरताना पहिल्याच दिवशी उस्तादाने माझा ब्रेकवरचा पाय काढायला लावला आणि गिअरवर गाडी उतरवायला शिकवली. ब्रेकवर उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात, आणि खाली पोचेपर्यंत ते राहत नाहीत. हे कागदावर वाचून कळत नाही. ज्याचं वजन वेगळं वागतं त्याला परीक्षा वेगळी, तर ज्याची ताकद वेगळी वागते त्याला का नको?

एजंट आहेत म्हणून बसचं लायसनही बंद करायचं का?

मोटरप्रेमी_माणिकबाग

इथे जणू वेगाची आवड हाच गुन्हा झालाय. ही आवड इंदुरात नवी नाही. इथले महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ मध्ये ड्यूझेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी बनवून घेतली, सुपरचार्जरवाली. कंपनी ३२० हॉर्सपॉवरचा दावा करायची, तोही त्या काळात. चांगलं यंत्र आवडणं ही हलकी गोष्ट नाही, आणि माणसाने कष्टाच्या पैशाने घेतलं तर त्याला खाली मान घालायला लावू नका.

आणि रामबागकर, ऑस्ट्रेलियाचा आकडा बघितलात का? तिथे 'यू' वर्ग लागतो टनाला २७६ किलोवॉटपासून पुढे. चारशे हॉर्सपॉवर म्हणजे साधारण २९८ किलोवॉट, भागिले पावणेदोन टन, आले १७०. म्हणजे तुम्ही ज्या कायद्याचं कौतुक करताय त्याने तुम्हाला हातही लावला नसता. तुम्ही त्या पहाटे तसेच निघाला असतात, तसाच पाय दाबला असता. रेषा खाली आणाल तर उद्या इलेक्ट्रिक एसयूव्हीसुद्धा त्यात येतील, मग कुठे थांबणार? माझं म्हणणं सोपं आहे: ज्याला ताकद वापरायची त्याने ट्रॅकवर जावं, रस्त्यावर शिस्तीत चालवावी. आम्ही मित्र वर्षातून एकदा कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जातो. तिथे जे बाहेर काढायचं ते काढून येतो, आणि इंदुरात माझी गाडी कधी ७० च्या वर गेली नाही.

पाटणीपुरा_७

सगळं ७० च्या आत म्हणता. रामबागकरांचा वेग पन्नास होता. ७० च्या आतच होता.

मोटरप्रेमी_माणिकबाग

हे मात्र खरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

महूचा_यंत्रज्ञ

पाटणीपुरा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. आपली सगळी वेगमर्यादा वेगाच्या आकड्यावर आहे, आणि ही घसरण ताकद किती पटकन चाकावर आली त्यामुळे झाली. हॅचबॅकमध्ये तोच पाय, तेच वळण, तोच ओला रस्ता असता तर पुढची चाकं जरा घसरली असती, गाडी थोडी बाहेर गेली असती आणि पाय उचलल्यावर आपोआप सावरली असती. वीस वर्षं रामबागकरांच्या पायाला हीच सवय लागली. त्या सवयीने मागच्या चाकांच्या गाडीत घात केला. निवृत्त चालकांचं भेरूघाटाचं उदाहरण वाचल्यावर मी थोडा सरकलोय. लायसन नको, यावर अजून ठाम आहे. पण गाडी ताब्यात देताना तासभर बंद जागेत ओळख करून देणं विकणाऱ्यावर बंधनकारक असावं, इथपर्यंत येतो.

सुदामानगरची_आई

आणि सेकंडहँड घेतली तर? यांनी तशीच घेतली होती ना?

महूचा_यंत्रज्ञ

बरोबर. मग पुन्हा आरटीओवरच येतं.

रामबागकर

२७६ चा आकडा मी नीट वाचला नव्हता, चूक माझी. रेषा खाली हवी. किती, ते मला ठरवता येत नाही. तोवर आमच्या घरापुरतं एवढं केलंय: स्पोर्ट मोड बंद, आणि मुलाच्या हातात किल्ली नाही.

@टायरवाला_विजयनगर, काल गाडी धुताना आकडे बघितले. पुढचे २०२२ चे. मागच्या दोन्हींवर १८१९. म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. घेताना नक्षी बघितली होती, हे बघितलं नव्हतं.

टायरवाला_विजयनगर

वाटलंच. पुढचे नवे, मागचे जुने, आणि ताकद सगळी मागे. नवे बसेपर्यंत गाडी जागची हलवू नका.

सुदामानगरची_आई

त्या बाई परत भेटल्या का?

रामबागकर

दोनदा पहाटे स्कूटरने गेलो. तिथे दुसऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, ड्यूटी बदलते, आता त्या एअरपोर्टच्या बाजूला असतात. परवा तिकडे जाणार आहे.

पाटणीपुरा_७

गाडी विकणार का?

रामबागकर

नाही.