नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा आणि दहा माणसं, मदत हवी

ठाण्याची_लेक:
नमस्कार मंडळी, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. यंदा (२०२५) २२ सप्टेंबरला संध्याकाळी नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, आमचं नवीन वर्ष, लागतोय, ज्यू पंचांगाचं ५७८६ साल. आजी मार्चमध्ये गेली आणि चिकाचा हलवा तीच करायची, सगळं अंदाजाने, कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी दोनदा करून बघितला, एकदा गव्हाला आंबूस वास आला, एकदा नुसत्या गाठीच गाठी. दुसरं म्हणजे तिची फार इच्छा होती की यंदाचा सण कोकणात गावी करायचा, पण गावच्या मशिदीत (आम्ही सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतो) आता दहा पुरुष जमत नाहीत, आणि दहा नसले तर पप्पांना आजीसाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येणार नाही. काय करू?

अश्दोदची_मावशी:
अगं बाळा, आधी हलव्याचं बघू. गहू तीन दिवस भिजवायचे पण पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदलायचं, तेवढं केलंस की वास येणार नाही. मग वाटून फडक्यातून गाळ, रात्रभर ठेव, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दे, खाली बसतो तो चीक. गाठी होतात कारण आपण गरम दुधात चीक घालतो. नारळाचं दूध गार असतानाच चीक त्यात हाताने फोडायचा, साखर घालायची आणि मगच मंद गॅसवर ठेवायचा, हात थांबवायचा नाही, कडा सोडायला लागला की ताटात ओत आणि वरून बदाम दाब. गाई-म्हशीचं दूध नको हं, जेवणात मटण असतं ना, आपल्यात मटणासोबत दूध चालत नाही. मी इकडे इस्राएलला येऊन चाळीस वर्षं झाली, अजून दर वर्षी करते, नातवंडं हिब्रू बोलतात पण हलवा मराठीतच मागतात.

खारा_वारा:
ताई मी रायगडचा, तुमच्या समाजाचा नाही, पण इस्राएल आळीच्या शेजारीच वाढलोय. आमची आजी तुमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायची, शनिवार तुमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद म्हणून. सणाला मशिदीतून शिंगाचा आवाज यायचा, आधी एक लांब मग तुटक तुटक, आम्ही पोरं खेळ थांबवून ऐकायचो. संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर यायचे, प्रार्थना करून पदर न् खिसे पाण्याकडे झटकायचे. यंदा २२ लाच आमची घटस्थापना आहे. मला दहात धरता येणार नाही माहितीय, पण माझी गाडी आहे, आसपासच्या गावातले म्हातारे लोक आहेत त्यांना मी दिवस मावळायच्या आत आणून सोडतो, नंतर सण लागला की त्यांना गाडीत बसता येत नाही ना. नारळ पण आमच्या वाडीतले घ्या.

रास्ता_पेठ:
पुण्याहून मी, भाऊ आणि माझा मुलगा येतो. मुलाचं बार मिट्झ्वा (तेराव्या वर्षीचा विधी) झालंय, त्यामुळे तोही दहात धरायचा. आदल्या दिवशीच पोचू, झोपायची सोय कशीही चालेल.

ठाण्याची_लेक:
वाचून रडू आलं, पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. घरचे चार आणि पुण्याचे तीन, सात झाले. दादा, गावातल्या दोघांचे पत्ते मेसेज करते, ते आले तर नऊ. अजून एकच हवाय, कोणी असेल तर प्लीज कळवा. ट्रायलसाठी गहू आत्ताच भिजत घातलेत.