एफवायला केमिस्ट्री नक्की, पण सोबत मॅथ्स घेऊ की बॉटनी-झूलॉजी?

रावेरची_पोरगी

नमस्कार सगळ्यांना. बारावी झाली, मॅथ्स आणि बायो दोन्ही होते, नीटमध्ये काही जमलं नाही आणि रिपीटला घरचे नाही म्हणताय, म्हणून आता बीएस्सी. केमिस्ट्री घ्यायची हे नक्की, जमलं तर पुढे एमएस्सी. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय आणि मग त्यातला एक मेजर, असं ऑफिसमधल्या काकांनी सांगितलं. ग्रुप दोनच आहेत, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स नाहीतर केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी. मला मॅथ्सला 52 आहेत. केमिस्ट्रीला 74, पण खरं सांगू का, ते सगळे ऑर्गॅनिकच्या नेम रिअ‍ॅक्शन पाठ करून आलेले, मोल कन्सेप्ट अजूनही डोक्यावरून जातो आणि प्रॅक्टिकल दोन वर्षांत चार-पाचदाच झाले असतील (जर्नल मात्र पूर्ण आहे 😅). दादा म्हणतो बॉटनीवाला ग्रुप घे, सोपं जाईल. पप्पांना विचारलं तर म्हणे, तुले जे जमस तेच ले. शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. काय करू?

चोपडा_एक्सप्रेस

डोळे झाकून बॉटनी-झूलॉजी घे ताई. मी तेच केलं, फर्स्ट क्लास आला, आता बीएड चालू आहे. मॅथ्समध्ये एटीकेटी लागली की वर्षभर डोक्याला ताप.

ब्युरेटवाला

चोपडावाले भो, तुमचं बीएडसाठी बरोबर आहे, पण ती एमएस्सी म्हणतेय ना. मीपण बॉटनी-झूलॉजीवालाच, अमळनेरहून सुरत गाडीने जाऊन तीन वर्षं अंकलेश्वरला कंपनीत क्यूसीला (माल तपासायच्या लॅबला) होतो, आता जळगावला आहे. एफवायला मस्त गेलं. एसवायला फिजिकल केमिस्ट्रीतलं कायनेटिक्स आणि थर्मो आलं तेव्हा फळ्यावर सर इंटिग्रेशन करताय आणि आम्ही मागच्या बाकावर नुसतं उतरवून घेतोय, कळत काहीच नाही. नंतर जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला तर केमिस्ट्रीच्या सिलॅबसमध्येच मॅक्झिमा-मिनिमा, डिफरन्शियल इक्वेशन, मॅट्रिक्स असं लिहिलेलं, तिथेच दम सुटला. 60 प्रश्न आणि 3 तास, त्यात फिजिकल सोडून द्यायला बसलो तर उरतं काय.

पण हेही सांगतो, कंपनीत मला आजपर्यंत कोणी इंटिग्रेशन विचारलेलं नाही. तिथे हात बघतात. माझा एफवायचा पहिला टायट्रेशन आठवतो, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट. मी ब्युरेटमध्ये मेनिस्कसचा (द्रवाच्या वरच्या वाकड्या पृष्ठभागाचा) खालचा काठ शोधत बसलो, पुस्तकात तसंच लिहिलेलं ना, आणि परमँगनेट एवढं गडद की खालचं काही दिसतच नाही. लॅबचे मामा हसले, म्हणे वरचा काठ वाच रे. वर मी फ्लास्क गरम केलाच नव्हता. ते 60-70 डिग्रीला तापवावं लागतं, नाहीतर सुरुवातीला गुलाबी रंग जातच नाही आणि वाटतं एंड पॉइंट आला, म्हणजे रिअ‍ॅक्शन पूर्ण झाली. तापवलं की पहिला थेंब थोडा रेंगाळतो, मग मँगनीज आयन तयार झाले की तेच रिअ‍ॅक्शनला ढकलतात आणि पुढचे थेंब पटापट विरतात. हे चार-पाच प्रॅक्टिकलमध्ये येत नसतं. म्हणून ग्रुपच्या आधी जाऊन लॅब बघ. ब्युरेट दोघांत एक आहे की आठ जणांत एक, हे शिपाईमामांना विचार, ते खरं सांगतील.

चोपडा_एक्सप्रेस

आठ जणांत एक 😂 आमच्याकडे बरोबर तेवढंच होतं. बाकी ते जॅमचं मला माहीत नव्हतं.

निवृत्त_मास्तर_धुळे

बेटा, 26 वर्षं केमिस्ट्री शिकवली, म्हणून थोडं लांबेल. मॅथ्सच्या 52 ला घाबरू नको. एफवायच्या केमिस्ट्रीला जे मॅथ्स लागतं ते म्हणजे लॉग, प्रमाण, साधं डिफरन्सिएशन आणि ग्राफचा स्लोप. लॉग टेबल तर तू बारावीत वापरलंच आहेस, बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही. पीएच म्हणजे लॉगच. आणि फर्स्ट ऑर्डरच्या सूत्रातला तो 2.303 मुलं वर्षानुवर्षं पाठ करतात, तो कुठून येतो हे कोणी विचारत नाही. नॅचरल लॉगला दहाच्या लॉगमध्ये बदलताना येतो, बस.

मला खरी चिंता तुझ्या मोल कन्सेप्टची आहे. ते कच्चं राहिलं तर कुठलाही ग्रुप घे, केमिस्ट्री रडवणारच.

रावेरची आहेस म्हणजे घरी केळी असणार. ड्रिपमधून सोडायचं 0-0-50 असेल तर पिशवी बघ. ते पोटॅशियम सल्फेट. पोटॅशियम 39, गंधक 32, ऑक्सिजन 16 धर. मोलार मास काढ. खताच्या पिशवीवर पोटॅश जुन्या रिवाजाने पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशोबात लिहितात, मग तो किती टक्के बसतो काढ. आणि शेवटी 25 किलोच्या पिशवीत नुसतं पोटॅशियम किती ते सांग. आज रात्री वही-पेन घेऊन बस, यूट्यूब बंद. गणित करताना मजा आली तर मॅथ्सवाला ग्रुप घे. वैताग आला तर बॉटनी घे, त्यातही कमीपणा नाही, पुढे बायोकेमिस्ट्रीकडे जाता येईल. पण दादाला सोपं वाटतं म्हणून घेऊ नको, पेपर दादा लिहिणार नाहीये.

रावेरची_पोरगी

सर, बसले. दोनदा चुकलं, कारण मी पोटॅशियम एकच धरत होते, दोन असतात हे तिसऱ्यांदा दिसलं. मोलार मास 174. ऑक्साइडचा 94. म्हणजे 54 टक्के आलं, पण पिशवीवर तर 50 आहे?? आणि 50 धरून 25 किलोत पोटॅशियम 10.4 किलो येतंय. बरोबर आहे का?

आणि हो, मजा आली. मम्मी दोनदा जेवायला हाक मारून गेली.

निवृत्त_मास्तर_धुळे

शाब्बास. 54 हे शंभर टक्के शुद्ध असेल तर. कारखान्याचा माल तेवढा शुद्ध नसतो, थोडी ओल, थोडे दुसरे क्षार, म्हणून 50 ची हमी. तुझी चूक कुठे झाली ते तुला स्वतःला सापडलं, ते मला जास्त आवडलं.

ब्युरेटवाला

आमच्या बॅचमध्ये हे असं कोणी करून घेतलं असतं तर! लॅब बघितली का पण?

रावेरची_पोरगी

बघितली दादा, काल गेले होते. तिघांत एक ब्युरेट, आणि मामा म्हणे प्रॅक्टिकल दर आठवड्याला होतात, हार्डनेसच्या वेळी घरून बोअरचं पाणी आणायला सांगतात. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचा फॉर्म भरला आज.

पप्पांना 10.4 किलोचा हिशोब दाखवला तर ते म्हणे, मंग बाकीना पैसा कसाना?

निवृत्त_मास्तर_धुळे

त्यांना सांग, त्यात साधारण 18 टक्के गंधक पण येतं, केळीला तेही लागतं. उरलेला बहुतेक ऑक्सिजन. त्याचे पैसे मात्र खरंच गेले 😄