भातानंतर मका : संकरित वाण कोणते निवडावे?

प्रश्न (शहापूर) : भाताची कापणी उरकल्यावर वीस गुंठ्यांच्या खाचरात विहिरीच्या पाण्यावर मका घेऊन कणसे वाशीच्या बाजारात पाठवण्याचा विचार आहे. दाण्याचे संकरित वाण घ्यावे की मधुमका (स्वीट कॉर्न)? मागच्या संकरित मक्याचे राखलेले दाणे बियाणे म्हणून चालतील का?

उत्तर (मुरबाड) : राखलेले दाणे पेरू नयेत, संकरित वाणाच्या पुढच्या पिढीत झाडे लहानमोठी निघतात आणि उत्पन्न घटते. हिरवी कणसेच विकायची असतील तर मधुमका घ्यावा, मात्र बांधापलीकडे साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला तर त्याचे पराग पडून आपले दाणे पिठूळ होतात, हे मी स्वतः भोगले आहे. दोन्ही पेऱ्यांत तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

उत्तर (कल्याण) : मधुमक्याचे बी सुरकुतलेले व हलके असते, त्यामुळे ते 2-3 सेंटीमीटरपेक्षा खोल टोकू नये. खाचरात पाणी तुंबल्यास मक्याची मुळे गुदमरतात, म्हणून सरी-वरंबाच करावा. वाण कोणतेही असो, लष्करी अळी आहे का, हे पाहण्यासाठी पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) मात्र नियमित तपासावेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. शेजाऱ्यांचा पेरा कधी आहे, ते आजच विचारतो.