अनुभव धागा: जुनी गाडी पूर्ण खोलल्यावर आत काय निघालं?

कुर्ला_कार्बोरेटर (धागा)

फियाट असो, अँबेसिडर असो, युद्धकाळातली जीप असो की १९३० च्या दशकातली शेवरोले. रंग उतरवला आणि इंजिन टेबलावर घेतलं की आरसी बुकात नसलेला इतिहास बाहेर पडतो. आधीच्यांनी काय दुरुस्त केलं, काय दडवलं, कुठला भाग कुठून आणून बसवला, ते सगळं. या धाग्यावर तेच लिहूया: काय निघालं, कशामुळे, आणि त्यावर काय करायचं. मापं आणि सामानाची नावं जरूर द्या.

पद्मिनीपासून, म्हणजे प्रीमियरच्या फियाटपासून, सुरुवात करतो. मुंबईत मोडीत निघालेल्या टॅक्सींचे पत्रे खासगी गाड्यांना सर्रास लागले. ते ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत. टॅक्सीचं जुनं यांत्रिक मीटर बाहेर, पुढच्या काचेजवळ डाव्या अंगाला असायचं. त्या भागातला रंग खरवडला की ब्रॅकेटची भोकं पुट्टीनं बुजवलेली सापडतात. छताच्या पन्हाळीवर कॅरिअरच्या पायांनी दबलेल्या खुणा असतात. दाराच्या आतल्या कडेला, रबराखाली, काळा किंवा पिवळा थर हमखास शिल्लक राहतो, कारण तिथपर्यंत कुणी घासत नाही.

भोकं पुट्टीनं पुन्हा बुजवू नका. मागून पाणी लागलं की वर्षभरात फुगतात. मागे तांब्याची पट्टी दाबून धरायची, मिग वेल्डिंगला ०.६ मिमी तार घ्यायची, एक टिपका मारून पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. गॅस वेल्डिंगनं ०.८–०.९ मिमीचा पत्रा ओढला जातो आणि लहानशा भोकापायी सगळं पॅनल लाटा मारतं.

एक मात्र आहे. गाडीच मूळची टॅक्सी निघाली तर तो इतिहास पुसायची घाई करू नका. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. काळ्या-पिवळ्या रंगात नीट केलेली पद्मिनी आता दुर्मीळ आहे.

थरावर_थर

मूळ रंग शोधायची पद्धत. गाडीचा रंग बाहेरच्या पत्र्यावरून कधीही ठरवू नका, उन्हानं तो बदललेला असतो. डॅशबोर्डच्या मागचा पत्रा, ग्लोव्ह बॉक्सच्या आतली बाजू आणि मागच्या सीटच्या पाठीमागचा भाग या तीन जागा बघा. बाहेर किती वेळा रंग चढला ते पाहायचं असेल तर रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्या. ३२० च्या वॉटर पेपरनं मध्यभागी पत्र्यापर्यंत जा, मग ६०० आणि १००० नं बाहेरच्या बाजूला उतार काढा. प्रत्येक थर वेगळं कडं होऊन दिसतो. जागा ओली करून, दिवसाच्या उजेडात, सावलीत फोटो घ्या.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर कारखान्यातला रंग साधारण १००–१५० मायक्रॉन दाखवतो. १००० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे असं धरून चाला. यंत्र नसेल तर फ्रिजवर लावायचं पातळ लवचीक चुंबक पुरतं. दाराचा खालचा चार बोटांचा भाग, चाकाच्या कमानी आणि उंबऱ्याचा पत्रा तपासा. चुंबक निसटलं तर तिथे गंजून गेलेला पत्रा पुट्टीनं, क्वचित जाळी आणि सिमेंटनंही भरलेला असतो.

अमेरिकन गाड्यांवर मात्र फसू नका. तिथे जोडांवर कारखान्यातच शिसं-कथलाची झाळ भरलेली असते. ती पुट्टी नव्हे. ग्राइंडर अजिबात लावू नका, शिशाची धूळ फुप्फुसात जाते. बॉडी फाइलनं काढा, मास्क लावा, किस गोळा करा. ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसं असलेली झाळ १८३ ते सुमारे २५५ अंश सेल्सियसच्या दरम्यान लोण्यासारखी मऊ राहते. मोठा झोत न लावता मंद आचेवर ती लाकडी थापीनं पुन्हा बसवता येते.

चौदा_नंबर_पाना

फियाटच्या इंजिनाबद्दल लिहितो. मूळ माप बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी, म्हणजे १०८९ सीसी. खोलल्यावर पहिलं काम म्हणजे आकडे वाचणं. पिस्टनच्या डोक्यावर वाढीव माप छापलेलं असतं. बेअरिंग शेलच्या पाठीवर ०.२५४, ०.५०८ असे आकडे असतात. त्यावरून क्रँक किती वेळा घासला गेला ते कळतं. बोअर ६९ पर्यंत गेला असेल तर इंजिन ११२२ सीसीचं झालं. तिथून पुढे भिंत पातळ होते, तेव्हा स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) टाकून पुन्हा ६८ वर यावं.

अनपेक्षित म्हणाल तर एकाच इंजिनात दोन मापांचे पिस्टन. एका सिलिंडरवर ओरखडा आला की तेवढाच बोअर करून द्यायची पद्धत होती. चारही पिस्टन पिन आणि रिंगांसह तोला, ५ ग्रॅमहून जास्त फरक असेल तर जड पिस्टनचं आतलं मटेरियल थोडं काढून जुळवा. माझं स्पष्ट मत: दोन मापं निघाली तर चारही सारखे करूनच इंजिन बांधावं. ठरावीक वेगाला येणारी थरथर माउंटिंग बदलून जात नाही.

दुसरं हमखास निघणारं म्हणजे न निघणारं: थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) जागी नुसती पोकळी. गाडी तापते म्हणून काढून फेकलेला असतो. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा ब्लॉकमधला गाळ असतो. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंड चालतं, तेलाच्या चेंबरमध्ये पाण्याची वाफ साठते आणि टॅपेट कव्हरखाली पिवळट चिकट थर जमतो. तो थर दिसला की आधी थर्मोस्टॅट आहे का ते बघा.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. इंजिन पूर्ण गार असतानाच, बाहेरून आत या क्रमानं, थोडे थोडे करून नट सैल करा. सरळ पट्टी तिरपी आणि उभी-आडवी ठेवून खाली फीलर (मापाची पातळ पत्री) घाला. ०.०५ मिमीपर्यंत ठीक. पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडले असतील तर आर्गन वेल्डिंग करून मग फेस मारायचा, म्हणजे तळ घासून सपाट करायचा. नुसता फेस मारत गेलं की हेड पातळ होतं, कॉम्प्रेशन वाढतं, आणि साध्या पेट्रोलवर ठोके ऐकू येतात.

गाळसाळ

वरच्या प्रतिसादात गाळ आला, त्यात भर. ब्लॉकचे कोअर प्लग (बाजूच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढल्याशिवाय आतला गाळ दिसत नाही. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या इंजिनात मागच्या सिलिंडरभोवती तो घट्ट बसतो, कारण तिथे पाण्याचा वेग कमी. त्यात गंज, क्षार, आणि कधी कधी ओतकामाच्या वेळची वाळू आणि तारेचे तुकडेही निघतात, थेट कारखान्यातले.

जुन्या स्पीडोमीटर केबलची आतली तार ड्रिलला लावून भोकातून फिरवा, गाळ सुटतो. मग फक्त लोखंडी ब्लॉकसाठी, हेड आणि अ‍ॅल्युमिनियमचे सगळे भाग काढून ठेवून, लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात घालून काही तास भरून ठेवा. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारा, भरपूर पाण्यानं धुवा, लगेच हवेनं वाळवून तेल फिरवा. उशीर झाला तर नवा गंज तासाभरात चढतो.

तेरेखोल_टूलबॉक्स

जीपवाल्यांसाठी. "महिंद्राची जुनी जीप" म्हणून घेतलेल्या गाडीत युद्धकाळातले भाग निघणं नवलाचं नाही, कारण लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपचे भाग पुढे दशकानुदशकं फिरत राहिले.

चेसिसचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर विलीज एमबी, उलट्या यू आकाराचा पत्रा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डनं बोल्टच्या डोक्यांवर, ब्रॅकेटवर, क्लॅम्पवर एफ अक्षर उठवलं होतं. म्हणून बोल्ट डब्यात एकत्र टाकू नका. एफ असलेले वेगळे ठेवा, तारेच्या ब्रशनं हळू साफ करा. एक बोल्टसुद्धा महत्त्वाचा. फोर्डचा चेसिस नंबर डाव्या चेसिस दांड्याच्या वरच्या पृष्ठावर ठोकलेला असतो. तिथे सँडब्लास्टिंग करू नका, रंग उतरवायचं रसायन आणि प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

बॉनेटच्या बाजूंवर ६०० च्या ओल्या कागदानं थर थर उतरत गेलं तर यूएसए २० नं सुरू होणारा लष्करी नंबर कधी कधी दिसतो. सुरुवातीचे आकडे निळसर रंगाचे आहेत, हिरव्यावर चटकन लक्षात येत नाहीत. सावली दिसली की घासणं थांबवा, ट्रेसिंग कागदावर आकड्यांची उंची आणि जागा उतरवून घ्या.

आणि डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडवर एल अक्षर शोधा. ते न बघता जोर लावला की स्टड तुटतो.

सागवान

१९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातली शेवरोले उघडली की पत्र्याआड लाकूड निघतं. जनरल मोटर्सनं १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडल्या, त्यामुळे मुंबईकडे अशा गाड्या अधूनमधून मिळतात. दार खाली लोंबतं म्हणून बिजागरी बदलली जाते, पण दोष आतल्या खांबाचा असतो: वाळवीनं पोखरलेला, हातानं भुगा होणारा.

त्या भुग्याला हात लावण्याआधी दारं बंद ठेवून फटी मोजा आणि बॉडीला आतून लोखंडी पट्ट्यांचा तात्पुरता आधार मारा. नाहीतर खांब काढल्याबरोबर बॉडी बसते. जुन्या तुकड्यांचे पुठ्ठ्याचे साचे काढा, चुकांच्या (बारीक खिळ्यांच्या) भोकांसकट. मूळ लाकूड बहुधा अ‍ॅश असतं. आपल्याकडे सागवान चांगलं टिकतं, पण ते तेलकट असल्यामुळे गोंद धरत नाही. चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसायचं आणि काही मिनिटांतच इपॉक्सी लावायचा. पत्रा दुमडून चुका मारण्याआधी लाकडाला सगळीकडून रंग किंवा वार्निश द्या, विशेषतः टोकांना.

धन_ऋण

मॉरिस, लँडमास्टर, सुरुवातीची अँबेसिडर: यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असायचं. मधे कुणीतरी उलटवलेलं निघतं. स्टार्टरला फरक पडत नाही, पण कॉइलच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात. डायनॅमोला नवी दिशा द्यायची: त्याच्या दोन्ही तारा काढा, बॅटरीच्या जिवंत टोकाची तार एफ टर्मिनलला क्षणभर दोनतीनदा टेकवा. अल्टरनेटर बसवला असेल तर आधी त्याची दिशा तपासा, डायोड एका झटक्यात जातात.

फूटब्रेक

ब्रेक धरून बसतात, सुटत नाहीत? मास्टर सिलिंडर उघडा. रबरं फुगून मऊ झाली असतील तर कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी खनिज तेल ओतलेलं आहे. परीक्षा: पाण्यात थेंब टाका. डॉट ३ (नेहमीचं ब्रेक ऑइल) मिसळतं, खनिज तेल तरंगतं. तरंगलं तर एकही रबर वाचवू नका. मास्टर, चारही चाकांचे सिलिंडर, होस, सगळ्यांची रबरं नवी, आणि लोखंडी नळ्या स्पिरिटनं धुऊन हवेनं वाळवा.

टाकीतळ

टाकीत गंजाबरोबर जुन्या पेट्रोलचं लाखेसारखं साचण निघतं. ई२० पेट्रोल भरलं की ते सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातं. गेजच्या फ्लोटला जुना बुचाचा गट्टू असेल तर त्यावरचा लेपही इथेनॉलनं विरघळतो, गट्टू बुडतो आणि काटा रिकामी टाकी दाखवतो.

साचण आधी अ‍ॅसिटोननं उतरवा, टाकी धुऊन पूर्ण वाळवा, मग गंज विजेनं काढा. पाण्यात लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोक टाकीला, धन टोक टाकीला कुठेही न टेकणाऱ्या साध्या लोखंडी सळीला. स्टेनलेस स्टीलची सळी नको, विषारी क्रोमियम तयार होतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नका. टाकीला वेल्डिंग करण्याआधी ती कितीही कोरडी वाटली तरी वेल्डच्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरून ठेवा. आत राहिलेल्या पेट्रोलच्या वाफेनं स्फोट होतो.

पासिंग

सापडलेल्या नंबरांचं काय करायचं ते लिहितो. अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीखाली डिकीवरच रंगवलेला जुना तीन अक्षरी नंबर निघाला तर फोटो काढून ठेवा. एमएच मालिका १९८९ ची, त्याआधीच्या नोंदींशी तो जुळवता येतो. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार असेल तर गाडी त्यात बसत नाही. म्हणून पद्मिनीत डिझेल इंजिन निघालं तर मूळ जातीचं पेट्रोल इंजिन शोधण्याचा खर्च रंगकामाच्या आधी धरा.

काथ्या

सीटचं कुणी लिहिलं नाही म्हणून. रेक्झिनचे दोनतीन थर एकावर एक शिवलेले असतात, मूळ सगळ्यांत खाली. उसवताना ब्लेड शिवणीत चालवा, कापडात नाही, म्हणजे तुकडे नव्या कटाईचे साचे होतात. इंचाला टाके किती ते मोजा. काथ्याचा थर दाबून बघा. भुरभुरला तर नवा घ्या, फोम कोंबू नका. फोमनं बैठक उंच होते आणि पाठीची शिवण दोन बोटं खाली दिसते. मूळ कापडाचा तळहाताएवढा तुकडा दिनांक लिहून कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नाही, ओल धरते.