ईडीटीए घातल्यावर डाय उलट लवकर उडतोय, असं का?

सांगलीची_केमिस्ट:
नमस्कार, मी सांगलीत एमएससी दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट झिंक ऑक्साइड आणि मिथिलिन ब्लूचा, म्हणजे झिंक ऑक्साइड कॅटॅलिस्ट म्हणून वापरून उन्हात हा निळा डाय तोडायचा. 10 पीपीएम डाय, आधी अर्धा तास अंधारात स्टरिंग आणि मग बीकर गच्चीवर उन्हात. आता स्कॅव्हेंजर चालू केलेत, म्हणजे डाय नक्की कोण तोडतंय ते कळायला एकेकाला पकडून अडवणारी केमिकल्स. हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडायला आयसोप्रोपेनॉल घातलं तर स्पीड कमी झाला, सुपरऑक्साइड पकडणाऱ्या बेंझोक्विनोननं पण कमी झाला, इथवर ठीक. पण होल (उजेडानं कॅटॅलिस्टमधला इलेक्ट्रॉन उडाला की मागे राहणारी पॉझिटिव्ह जागा) पकडायला 1 मिलीमोलर ईडीटीए घातलं तर रंग अजूनच लवकर गेला. होल अडवले तर कमी व्हायला पाहिजे ना? तीनदा केलं, तेच येतंय. मैत्रीण म्हणते चार्टमधून तो बार काढून टाक, पण मला ते पटत नाही.

कराडकर:
बार अजिबात काढू नकोस. मिथिलिन ब्लू उन्हातला लाल प्रकाश स्वतःच शोषतो आणि मग ईडीटीएकडून इलेक्ट्रॉन घेऊन ल्यूको फॉर्ममध्ये, म्हणजे डायच्याच रिड्यूस झालेल्या रूपात जातो, तो बिनरंगाचा असतो. म्हणजे डाय तुटलेलाच नसतो पण 664 नॅनोमीटरला ॲबसॉर्बन्स पडतो आणि आपण लिहून मोकळे होतो डिग्रेड झाला म्हणून. कॅटॅलिस्ट न घालता नुसता डाय आणि ईडीटीए उन्हात ठेवून बघ की. आणि रंग उडालेलं सोल्युशन सेंट्रीफ्यूज करून अंधारात ठेव, हवा लागेल असं हलव, हवेतल्या ऑक्सिजननं निळं परत आलं तर ल्यूकोच. नाही आलं तर वेगळा विचार, होल ईडीटीएनं खाल्ले की इलेक्ट्रॉन मोकळे राहतात, ते ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड वाढू शकतं.

मिरजेची_ताई:
अगं पण झिंक ऑक्साइडसोबत ईडीटीए नकोच. झिंकचं कॉम्प्लेक्स होतं, तुझा कॅटॅलिस्टच थोडा थोडा विरघळत जातो. शिवाय डायसोडियम ईडीटीएचं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच बघितलास का? सगळ्या बीकरचा पीएच सारखा करून घे, नाहीतर तू स्कॅव्हेंजर बघतेस का पीएच बघतेस तेच कळणार नाही. बेंझोक्विनोन पण उजेडात बदलतं, स्टॉक रोज ताजा कर, कालचा वापरू नकोस. आणि पाणी डिस्टिल्डच घे गं, नळाच्या पाण्यातलं बायकार्बोनेट स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल खातं.

सांगलीची_केमिस्ट:
ताई पीएच बघितलाच नव्हता 😔 आज परत केलं. दादा, कॅटॅलिस्ट नसताना पण रंग उडाला!! आणि झिंकवाली बाटली अंधारात हलवून ठेवली तर तासाभरात निळी झाक आली, पण पहिल्याएवढी नाही.

कराडकर:
मग दोन्ही झालंय, थोडा ल्यूको आणि थोडा खरंच तुटलाय. ईडीटीएच्या प्रत्येक सॅम्पलला हवेत हलवून मगच रीडिंग घे, आणि कॅटॅलिस्ट नसलेला ब्लँक शेजारीच दाखव. जमलं तर ईडीटीए नसलेल्या सॅम्पलचं सीओडी (पाण्यात अजून किती सेंद्रिय पदार्थ उरलाय त्याचं माप) पण कर, रंग गेला म्हणजे डाय संपला असं नसतं हे तुझ्याच बाटलीत दिसतंय.

मिरजेची_ताई:
आणि होलसाठी पोटॅशियम आयोडाइड घेऊन बघ, पण लिहिताना लक्षात ठेव की ते कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल पण पकडतं.