ऑफिसातला कॉम्प्युटर बदलायचा का?

सावंत (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी 🙏 सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर अगदीच रडायला लागलाय. बिलांच्या प्रिंट काढायला काल मॅनेजरला अख्खी दुपार लागली. स्क्रीनवर सारखं येतंय की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एका दुकानातून कोटेशन घेतलंय. कॉम्प्युटर, प्रिंटर, अँटीव्हायरस धरून ६२,०००. रविवारी कमिटीत ठेवतो. कोणाला काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा, नंतर जिन्यात नको.

प्रधान काका (खजिनदार): सिंकिंग फंडाला हात लागणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

रोहन बी-६०१: काका, ६२ जास्तच आहेत. पण मशीन बदलायला लागेलच. २०१४ चा पीसी आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या जनरेशनचा प्रोसेसर तरी हवा.

कदम वहिनी: आमच्याकडे सकाळपासून पाणी नाहीये, ते कोणी बघणार आहे का?

सावंत: वहिनी, वॉचमनला व्हॉल्व्ह बघायला पाठवलंय.

नीताताई सी-३०३: सावंत, कोटेशनचा फोटो टाका ना. पूर्ण पानाचा, नुसत्या टोटलचा नको.

सावंत: 📷 फोटो

नीताताई: वाचलं. "हाय स्पीड प्रोसेसर, ब्रँडेड रॅम, मोठी डिस्क". प्रोसेसर कुठला? रॅम किती जीबी? डिस्क एसएसडी की हार्ड डिस्क? काहीच लिहिलेलं नाही. "उत्तम प्रतीचे धान्य, एक पोते" असं बिल वाण्याने दिलं तर प्रधान काका पास करतील का?

प्रधान काका: मुळीच नाही.

नीताताई: काल पावती घ्यायला ऑफिसात गेले होते तेव्हा मशीन बघूनच आले. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १०-१२ टक्क्यांवर निवांत, आणि डिस्कचा आकडा १०० वरून हलायला तयार नाही. मशीन म्हातारं झालेलं नाही, ते डिस्कची वाट बघत बसलंय. त्या डिस्कमधला हेड फिरत्या तबकडीवर इकडून तिकडे सरकतो. वेगवेगळ्या ठिकाणची माहिती मागितली की सेकंदाला शंभरेक जागी पोचता पोचता त्याची दमछाक होते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, ती हजारो जागी पोचते. डिस्क बदला आणि ८ जीबी रॅम करा. मॅनेजर चहा आणायला जाईपर्यंत मशीन सुरू झालेलं असेल.

रोहन: मावशी, ते ठीक. पण विंडोजचं काय? अपडेट बंद म्हणजे रिस्क आहे.

नीताताई: आहेच. उद्या सकाळी उठून काही बंद पडणार नाही, पण नवी भोकं सापडत राहतात आणि ती बुजवणारं कोणी नाही. मेल आणि बँकेच्या कामाला असं मशीन वापरू नये. घरी ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांच्यासाठी सांगते. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर बघा. ऑफिससाठी मात्र मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकायचं सुचवेन.

रोहन: किंवा टीपीएमचं चेकिंग बायपास करून ११ टाकू. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात एकाने केलंय, मस्त चालतं.

नीताताई: चालतं रे. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच असं नाही, हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. तुझ्या घरच्या मशीनवर हवे ते प्रयोग कर, निस्तरायला तू आहेस. ऑफिसात मॅनेजर आहे. तो अडकला की फोन मला येतो.

प्रधान काका: नीताताई, हे लिनक्स फुकट असतं असं ऐकलंय. फुकटच्या वस्तूवर सोसायटीचा कारभार ठेवायचा? उद्या विचारायचं कोणाला?

नीताताई: काका, तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. जगातले सर्वात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर गेली कित्येक वर्षं सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, सुरू केलेलं काम आहे. आज त्यात मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर हातभार लावतात. मिंटच्या २२ नंबरच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. विचारायचं कोणाला, तर मला. आणि मी नसले तर रोहनला.

रोहन: मला का 😅

सावंत: पण टॅली? हिशेब टॅलीत आहेत.

नीताताई: बरोबर, तिथे लिनक्स चालणार नाही. टॅली विंडोजवरचीच. पण आपली टॅली अकाउंटंटच्या लॅपटॉपवर आहे ना? ऑफिसात फक्त पीडीएफ येतात. मॅनेजरचं काम म्हणजे नोटिसा, पत्रं, मेल, प्रिंट आणि सोसायटीच्या ॲपचं वेब पान. हे सगळं मिंटवर होतं. टॅली ऑफिसात आणायची असेल तर मात्र मी स्वतःच म्हणेन, विंडोज ११ वालं मशीन घ्या. माझा हट्ट लिनक्सचा नाही. काम काय आहे ते न बघता वस्तू आणायला माझा विरोध आहे. आणि सध्या तर मुळीच घाई नको. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅम आणि एसएसडी दोन्ही महागलेत.

शेख बी-१०२: ताई, पण ऑफिसच्या मशीनमध्ये व्हायरस आहे ना? बँकेची साइट उघडली की लाल स्क्रीन येते. मॅनेजर म्हणाला व्हायरस.

नीताताई: शेखभाई, त्या मशीनची तारीख बघितलीत का? रोज सकाळी १ जानेवारी २०१४ असते. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. तो मेलाय. लाइट गेली की घड्याळ मागे जातं. बँकेच्या साइटचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असतं. मशीनच्या मते ते अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर "सुरक्षित नाही" म्हणून ओरडतो. मॅनेजर बिचारा रोज हाताने तारीख बदलतो आणि आपण दर वर्षी अँटीव्हायरसचे पैसे भरतो. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, पन्नासेक रुपयांत.

प्रधान काका: 🙄

कदम वहिनी: पाणी आलं. धन्यवाद. आणि नीताताई, मला आत्ता व्हॉट्सॲपवर गाडीचं चलान आलंय. आरटीओ चलान डॉट एपीके. यांनी सिग्नल तोडला असेल, नेहमीचंच आहे. उघडू का?

नीताताई: नको!! हात लावू नका.

नीताताई: वहिनी, उघडलं नाहीत ना? उत्तर द्या.

कदम वहिनी: नाही नाही. फक्त बघितलं.

नीताताई: हुश्श. सगळ्यांनीच वाचा. एपीके म्हणजे ॲप बसवायची फाइल. चलान, लग्नपत्रिका, वीजबिल, बँकेचं केवायसी, यातलं काहीही एपीके म्हणून येत नाही. ते बसवलं की पहिली परवानगी मागतं एसएमएस वाचायची. एकदा "हो" म्हटलं की तुमचे ओटीपी परस्पर तिकडे. नंबर ओळखीचा असला तरी उघडायचं नाही, कारण त्या ओळखीच्या माणसाचाच फोन आधी हॅक झालेला असतो. चुकून बसवलंच तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. लाजून दोन दिवस थांबू नका. पैसे अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. आणि खरं चलान आहे की नाही ते परिवहनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.

कदम वहिनी: बघितलं. चलान खरंच आहे 😡 हेल्मेटचं. पण ते एपीके डिलीट केलं.

सावंत: मूळ विषयावर येऊ या. ऑफिसचा वायफाय पासवर्ड मॅनेजरला हवा होता तो इथेच देतो

सावंत: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

नीताताई: धन्यवाद 🙏 आता तो बदला. आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरचाही. बसवून गेलेल्या माणसाने ठेवलेलाच अजून असणार.

सावंत: नीताताई, एक खरी अडचण आहे. २००६ ते २०११ ची इतिवृत्तं वर्ड फाइलमध्ये आहेत, पण उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पार्किंग वाटपाचा २००९ चा ठराव त्यातच आहे. सह्यांचं मिनिट बुक २०१९ च्या पावसात भिजलं. फाइल करप्ट झाल्या म्हणून दोघांनी हात वर केले. हार्ड डिस्क बदलली तर उरलंसुरलंही जाईल अशी भीती वाटते.

नीताताई: सावंत, हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगायचं! फाइल धडधाकट असणार. एक फाइल मला मेल करा.

नीताताई: बघितली. करप्ट अजिबात नाही. तेव्हा आपल्याकडे मराठी टायपिंगचं जे पॅकेज होतं ते खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवायचं. वरचा फाँट त्या क्रमांकांवर देवनागरी आकार रंगवायचा. फाँट गेला की रंग उडतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. एमएस-सीआयटीचा क्लास चालवायचे तेव्हा मुलं अर्ज एका कॅफेत टाइप करायची, दुसऱ्या कॅफेत प्रिंटला न्यायची आणि रडत परत यायची. आता युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक. त्यात "क" चा स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. डोंबिवलीत असो की डॅलसला, फोन असो की कॉम्प्युटर, तो "क" च राहतो. या ग्रुपवर आपण कोणताही फाँट न पाठवता मराठीत भांडू शकतो ते त्याच्याच जोरावर.

रोहन: मग कन्व्हर्टर लावायचा. ऑनलाइन भरपूर आहेत.

नीताताई: लावू, पण ऑनलाइन नको. इतिवृत्तात लोकांची नावं, थकबाकी, भांडणं सगळं आहे. मशीनवरच चालणारा घेऊ. आणि नंतर ओळ न् ओळ वाचावी लागेल. जुन्या फाँटात "कि" लिहिताना वेलांटी आधी आणि "क" नंतर ठेवलेला असतो, युनिकोडमध्ये "क" आधी. रफार तर आणखी भलतीकडे. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी पकडतो, पण जोडाक्षरांत माती खातो. "पार्किंग" या एका शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिन्ही आहेत, म्हणजे नेमका तोच फसणार.

प्रधान काका: त्या ठरावावर माझं स्टिल्ट पार्किंग अवलंबून आहे. वाचायला मी बसेन.

शेख: काकांनी एकट्याने वाचू नये 😄

नीताताई: दोघं बसा. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, शेजारी युनिकोडची प्रत आणि पीडीएफ. कायदेशीर वजन सहीच्या कागदाला, तेव्हा भिजलेलं बुकसुद्धा फेकू नका, पानं सुटी करून स्कॅन करू.

रोहन: यापुढे सगळं ॲपमध्येच टाकत जाऊ. क्लाउडवर सेफ राहील.

नीताताई: गेटवर पाहुण्यांची नोंद करायला ॲप चांगलं आहे, मीही वापरते. पण मागचं ॲप बदललं तेव्हा जुन्या तक्रारी आणि पावत्या कुठे गेल्या, विचार सावंतांना. लॉगिन बंद, विषय संपला. सभासदांचं रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी, इतिवृत्तं ही सोसायटीची आहेत, ॲपवाल्याची नव्हेत. दर तिमाहीला सगळं साध्या एक्सेल आणि पीडीएफमध्ये उतरवून घ्यायचं. एक प्रत ऑफिसात, एक पेन ड्राइव्हवर चेअरमनांकडे. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्याचाही भरवसा नाही, म्हणून दर वेळी उघडून बघायचं.

सावंत: म्हणजे कामच वाढलं.

नीताताई: थोडं वाढलं. ते हवं तर नोटिसांमधून वाचवा. टाकी धुण्याची परवाची नोटीस एआयकडून लिहून घेतलीत ना? "आपल्या सर्वांच्या आरोग्यपूर्ण व आनंदी सहजीवनासाठी" इथून सुरुवात, आणि पाणी कधी बंद ते सातव्या ओळीत. वहिनींनी तिथपर्यंत वाचलंच नसणार.

कदम वहिनी: खरंच नाही वाचलं. मला वाटलं वर्धापनदिनाचं काहीतरी आहे.

सावंत: 🙏 पुढच्या वेळी दोन ओळी. बरं, खर्च किती धरू?

नीताताई: एसएसडी, जुन्या पद्धतीची डीडीआर-३ रॅम आणि सेल. सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसावं. रॅम नवी मिळणं कठीण, वापरलेली घ्यावी लागेल. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाते. रोहन, चल माझ्याबरोबर, ग्रँट रोडपर्यंत लोकलमध्ये बसायला मिळालं तर तुझं नशीब. प्रिंटर बदलायचा नाही, त्याचा रोलर फक्त पुसायला झालाय. मिंट आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघू, प्रिंटर आणि स्कॅनर ओळखला तरच पुढे जायचं. नाही ओळखला तर पुन्हा ग्रुपवर येऊ.

प्रधान काका: जीएसटीचं बिल लागेल. कच्ची पावती चालणार नाही.

नीताताई: वापरलेल्या रॅमला पक्कं बिल मिळेलच असं नाही काका. दुकानदाराचा शिक्का आणि सही आणते, तेवढं व्हाउचर करा. आणि जुनी हार्ड डिस्क भंगारात जाणार नाही. त्यावर आपल्या सगळ्यांच्या पॅनकार्डांच्या आणि भाडेकरारांच्या स्कॅन आहेत. इतिवृत्तांचं काम संपेपर्यंत ती लेबल लावून लोखंडी कपाटात. नंतर पूर्ण पुसून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला देऊ.

सावंत: ठीक. रविवारी ६२,००० ऐवजी ५,००० चा विषय ठेवतो. कोणाची हरकत?

शेख: नाही.

प्रधान काका: हरकत नाही. वाचनाला शेखभाई आणि मी. चष्मा आणायला सांगा त्यांना.