भाड्याच्या जागा लावून देणाऱ्या एजंटनं आता काय बदलावं? (कोल्हापूर)

खोली_मिळेल:
राम राम मंडळी. राजारामपुरीत बारा वर्षं भाड्याची कामं करतोय. पद्धत ठरलेली: ५०० चा स्टॅम्प, नोटरी, अकरा महिने, एक भाडं कमिशन, विषय संपला. ऑगस्ट २०२५ मध्ये इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सांगली-साताऱ्याकडचे वकील जागा बघायला येतात. परवा एकाला नोटरीचा करार दाखवला तर मालकासमोरच म्हणाला, "याचा कोर्टात काय उपयोग?" लई लाज गेली. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर 'नवीन भाडे कायदा, डिपॉझिट दोनच महिन्यांचं' फिरतंय. खरं काय? आणि महारेराचं (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) लायसन काढायला लागतंय का?

तांबडा_पांढरा:
तो मेसेज मी घरमालकाला दाखवला. तेव्हापासून पाण्याची मोटर सकाळी दहाच मिनिटं चालू असते 😄

वकीलबाई_मंगळवारपेठ:
दादा, तो फॉरवर्ड केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यावरचा आहे. राहत्या जागेला दोन महिने, व्यावसायिक जागेला सहा महिने डिपॉझिट, असं त्यात आहे. पण तो नमुना कायदा. राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो.

आणि तुम्हाला अडचणीत आणणारं कलम त्याच जुन्या कायद्यात आहे, ५५ वं. करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे; नोंदणी सरकारच्या दुय्यम निबंधकाकडं होते. जबाबदारी मालकाची, तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाला कोणी भीत नाही म्हणा. मालकाला पुढचं सांगा: नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, खोटं ठरवायचं काम मालकाचं. शिवाय राहत्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार) मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) जाता येतं आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

महारेराची एजंट नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीसाठी. नुसतं भाड्याचं काम असेल तर तिची गरज नाही.

शिरोली_ते_कागल:
भावा, मी पण एजंटच. तीन वर्षांपूर्वी नोटरी बंद केली. पहिल्या वर्षी चार मालक सोडून गेले, दोघं परत आले.

खर्चाचा बाऊ करतात, म्हणून मी हिशेब कागदावर लिहूनच देतो. १०,००० भाडं, ११ महिने, ५०,००० डिपॉझिट. एकूण भाड्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज मिळवायचं, त्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. आले ३०० च्या आसपास! नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, उजळाईवाडीसारख्या ग्रामपंचायतीत ५००. वर आपली फिरती. निम्मं-निम्मं करा, कोण कुरकुरत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी अंगठ्याचं मशीन घ्या, नाहीतर अधिकृत सेवा केंद्रवाल्याशी टायअप करा. मालक पुण्याला असला तर तो तिथनं अंगठा देतो. म्हाताऱ्या माणसांचे ठसे मात्र उठत नाहीत, तेव्हा सरळ दुय्यम निबंधक कार्यालय गाठायचं.

ताबा देताना भिंती, नळ, मीटर रीडिंगचे फोटो काढून दोघांना पाठवा. माझी निम्मी भांडणं रंगाच्या पैशावरनं व्हायची, ती मिटली. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर मालकाच्या नावानं मीच भरून देतो.

खोली_मिळेल:
म्हणजे कमिशन तेच ठेवून काम वाढवायचं?

शिरोली_ते_कागल:
कागदाचे पैसे वेगळे लाव की. आणि करार संपायच्या दोन महिने आधी फोन कर. नूतनीकरण तुझ्याकडंच येतंय. नोटरीच्या काळात अकरा महिन्यांनी आपल्याला कोण विचारत होतं?

खोली_मिळेल:
हे डोक्यातच आलं नव्हतं. वकीलबाई, आभार. शुक्रवारी पहिला नोंदणीचा करार लावलाय. मालकीण ७८ वर्षांच्या आजी आहेत, अंगठा उठतोय का बघतो आणि इथं कळवतो.